कॉर्नवॉलचा किनारा आणि त्याचे बिनपगारी पहारेकरी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉल नावाचा एक परगणा आहे. नकाशात तो समुद्रात लांब केलेल्या पायासारखा दिसतो. ह्या पायाच्या दक्षिणेकडील टोकाला लिझर्ड म्हणतात आणि पश्चिमेकडील टोकाला लँड्स एंड, म्हणजे भूमीचा शेवट. आपल्या कोकणात डोंगर समुद्रापर्यंत येतो, पण जागोजागी खाडीला वाट करून देतो, पुळणीला जागा ठेवतो. कॉर्नवॉलचा कडा इतका उदार नाही. तो बहुतेक ठिकाणी तुटल्यासारखा उभाच्या उभा पाण्यात उतरतो, आणि त्याच्या पायथ्याशी जे खडक पसरलेले आहेत त्यांतले पुष्कळसे भरतीच्या वेळी दिसत नाहीत. अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्याला मध्ये अडविणारे काही नसल्यामुळे तो पहिला आदळतो तो ह्या कड्यांवर. शिडाच्या जहाजांच्या काळात आणि त्यानंतर वाफेच्या बोटींच्या काळातही ह्या किनाऱ्यावर किती जहाजे फुटली ह्याची याद्यांवर याद्या झालेल्या आहेत.

हा दूरचा किनारा आपल्या व्याख्यानमालेत कोठून आला, असे कोणी विचारील. मुंबईहून लंडनला जाणारी बोट बिस्केचा उपसागर ओलांडून इंग्लिश खाडीच्या तोंडाशी आली, की ब्रिटिश भूमीचा जो पहिला दिवा दिसावयाचा तो पुष्कळदा लिझर्डचा असे. त्या बोटींवर रत्नागिरीकडचे सारंग, टिंडेल आणि खलाशी होते, गोव्याचे बटलर आणि स्वयंपाकी होते. साहेब वरच्या डेकवर उभा राहून मायदेशाचा दिवा पाही तेव्हा खालच्या डेकवरून आपली माणसेही तोच दिवा पाहत होती. शिवाय १८७० साली लंडन आणि मुंबई ह्यांना जोडणारी समुद्राखालची तार ह्याच किनाऱ्यावर, पोर्थकर्नो नावाच्या एका लहानशा पुळणीवर, जमिनीला लागली. मुंबईच्या कापसाचे भाव ह्या कड्याखालून लंडनला जात होते. इतका संबंध पुरे आहे. पण मला जे सांगावयाचे आहे ते ह्या संबंधापेक्षा निराळे आहे. ह्या किनाऱ्यावर पहारा कोणी ठेवला, कशासाठी ठेवला, त्याचे पैसे कोणी दिले आणि पुढे ते देणे कसे बंद झाले, ह्याचा इतिहास मला मांडावयाचा आहे.

लिझर्डवर पहिला दिवा लावला तो १६१९ मध्ये सर जॉन किलिग्रू नावाच्या एका जमीनदाराने. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनी खुशीने वर्गणी द्यावी आणि त्यातून दिव्याचा खर्च भागावा, अशी त्याची योजना होती. खुशीची वर्गणी फारशी आली नाही, जमीनदार कर्जात बुडाला आणि काही वर्षांतच दिवा विझला. मौजेची गोष्ट अशी की, आजूबाजूच्या गावकऱ्यांना तो दिवा मुळातच नको होता. फुटलेल्या जहाजातून वाहून आलेला माल हा त्यांच्या वर्षाच्या बेगमीचा एक भाग होता. ह्यावरून कॉर्नवॉलचे लोक क्रूर होते, असा निष्कर्ष लेखकांनी फार उत्साहाने काढलेला आहे. कथिलाच्या खाणीत आणि मासेमारीत ज्याचे पोट भरत नाही तो दारात आलेले लाकूड आणि दारूचे पिंप परत समुद्रात ढकलणार नाही, एवढाच निष्कर्ष मला त्यातून निघताना दिसतो. लिझर्डला टिकाऊ दीपगृह उभे राहिले ते पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १७५२ च्या सुमारास.

सरकारने ह्या किनाऱ्यावर पगारी पहारा बसविला तो माणसे वाचविण्यासाठी बसविलेला नाही, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. फ्रान्समधून येणारी ब्रँडी, तंबाखू आणि चहा जकात चुकवून रातोरात उतरविला जाई, आणि त्यामुळे खजिन्याचे नुकसान होई. म्हणून प्रथम घोडेस्वार शिपाई, मग जकातीच्या गलबतांचा काफिला, मग १८०९ पासून होड्यांतून फिरणारे प्रतिबंधक दल, असे एकामागून एक उपाय झाले. आणि १८२२ मध्ये हे सगळे तुकडे एकत्र जोडून कोस्टगार्ड म्हणजे तटरक्षक दल निर्माण करण्यात आले. ह्या दलातील माणूस आपल्या स्वतःच्या गावाजवळ नेमीत नसत. गावचा माणूस गावच्या चोरट्या व्यापाऱ्याला सामील होईल ही भीती. ह्या शिपायाला रोज रात्री कड्याच्या काठाकाठाने चालत जावे लागे, आणि प्रत्येक कोंडलेल्या लहान बंदरात डोकावून पाहावे लागे, कारण माल तेथेच उतरे. त्यामुळे त्यांची वाट कधी सरळ गेली नाही. प्रत्येक वळणाबरोबर ती वळत गेली. आज ह्या वाटेने हौशी प्रवासी पाठीला पिशवी बांधून फिरतात, आणि नैर्ऋत्य इंग्लंडची ही ६३० मैलांची पायवाट निसर्गसौंदर्यासाठी प्रसिद्ध आहे. ती पाडली मात्र रात्रपाळीच्या शिपायांच्या बुटांनी.

ह्या शिपायाच्या डोळ्याला माणसे दिसू लागली त्याला एक वेगळे कारण घडले, आणि ते घडविणारा मनुष्य सरकारी नव्हता. २९ डिसेंबर १८०७ रोजी ‘ॲन्सन’ नावाची आरमारी युद्धनौका वादळात सापडून हेल्स्टन गावाजवळ, लो बार नावाच्या वाळूच्या दांड्यावर फुटली. जहाज किनाऱ्यापासून इतके जवळ होते की काठावर जमलेल्या लोकांना खलाशांचे चेहरे दिसत होते. मधले पाणी तेवढे ओलांडता येईना. शंभराच्या आसपास माणसे लोकांच्या डोळ्यांदेखत गेली. त्या गर्दीत हेन्री ट्रेनग्रूझ नावाचा हेल्स्टनचा एक सुतार उभा होता. कपाटे, मेजे करणारा हा कारागीर. किनारा आणि जहाज ह्यांच्यामध्ये एक दोरी पोहोचली असती तर ही माणसे वाचली असती, हा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. पुढे राजाच्या वाढदिवसाला गावच्या मैदानावर उडविलेले अग्निबाण पाहून त्याला युक्ती सुचली, असे सांगतात. अग्निबाणाला बारीक दोरी बांधावयाची, तो जहाजावरून किनाऱ्याकडे सोडावयाचा, बारीक दोरीमागून जाड दोर ओढून घ्यावयाचा आणि त्या दोरावर एक खुर्ची लटकवून एकेक माणूस काठावर आणावयाचा. सगळे साहित्य एका पेटीत मावेल असे त्याने केले, म्हणजे कोणत्याही जहाजावर ते ठेवता यावे.

ह्या यंत्राच्या पायी ट्रेनग्रूझने आपली सगळी मिळकत घालविली. तो वर्षानुवर्षे लंडनच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिला. अखेर सरकारने वीस संच मागविण्याचे ठरविले. आणि लगेच विचार बदलून, ते आपल्याच दारूगोळा खात्याकडून करवून घेऊ असे म्हणून, ह्या सुताराच्या हातावर ५० पौंड ठेवले. कलाकौशल्य मंडळाने रुपेरी पदक आणि ३० गिनी दिल्या. रशियाच्या झारने हिऱ्याची अंगठी पाठविली, ती त्याला पुढे गहाण टाकावी लागली. १८५४ साली तो गरिबीतच वारला. ज्या सरकारने जकातीच्या पहाऱ्यासाठी शेकडो मैलांची वाट तुडवून घेतली त्याची माणसाच्या जिवाच्या बाबतीतली मुठीची पकड किती घट्ट होती, हे ह्या ५० पौंडांवरून कळते. ‘ॲन्सन’च्या मृतांना वाळूतच खड्डे करून पुरले होते, कारण वाहून आलेल्या प्रेताला दफनभूमीत जागा देण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. ह्याविरुद्ध हेल्स्टनच्याच टॉमस ग्रिल्स नावाच्या वकिलाने खटपट केली आणि १८०८ मध्ये तसा कायदा झाला. एका गावाने एका वर्षात, एका बुडालेल्या जहाजावरून, जिवंतांसाठी दोर आणि मृतांसाठी कायदा असे दोन्ही दिले. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत हेल्स्टनला फारशी जागा नाही. असो.

चोरटा व्यापार जसजसा ओसरला तसतसे तटरक्षकांचे काम पालटत गेले. १८५६ मध्ये हे दल आरमाराकडे गेले, १९२३ मध्ये व्यापार मंडळाकडे आले, आणि त्यानंतर समुद्रावर नजर ठेवणे व संकटातील जहाजांना मदत मिळवून देणे हेच त्याचे मुख्य कर्तव्य ठरले. म्हणजे जकातीसाठी उघडलेला डोळा माणसासाठी उघडा राहावा, हे ठरण्यास सुमारे एक शतक लागले. दरम्यानच्या काळात ते काम कोण करीत होते? ते करीत होते गावचे कोळी. १८२४ साली सर विल्यम हिलरी ह्यांच्या पुढाकाराने जीवरक्षक होड्यांची संस्था लंडनमध्ये स्थापन झाली. ती लोकांच्या देणग्यांवर चालली आणि आजही मुख्यतः तशीच चालते. होडी वल्हविणारे मात्र गावोगावचे मच्छीमार होते.

ह्या माणसांनी काय केले ते एका रात्रीच्या हकिकतीवरून सांगतो. १७ मार्च १९०७. ‘स्वेव्हिक’ नावाची ऑस्ट्रेलियाहून येणारी मोठी आगबोट धुक्यात लिझर्डजवळच्या खडकावर चढली. बोटीवर पाचशे चोवीस माणसे होती, त्यांत लेकुरवाळ्या बायका पुष्कळ. लिझर्ड, कॅड्जविथ, कव्हरॅक आणि पोर्थलेव्हन ह्या चार गावांच्या होड्या निघाल्या. होड्यांना यंत्र नव्हते. साठेक माणसे वल्ही मारीत होती. सोळा तास त्यांच्या खेपा चालू राहिल्या आणि ह्या चार होड्यांनी ४५६ माणसे काठाला आणली. एकही माणूस दगावला नाही. जीवरक्षक संस्थेच्या सबंध इतिहासात एका बोटीवरून इतकी माणसे कधी वाचविली गेली नाहीत. (बोटीचे पुढे जे झाले तेही ऐकण्यासारखे आहे. तिचा पुढचा भाग सुरुंगाने तोडून काढला, मागचा भाग तरंगत नेला, आणि बेलफास्टच्या गोदीत नवा पुढचा भाग बांधून तो त्याला जोडला. गोदी कामगारांची ही कर्तबगारी कोठल्याही पराक्रमाहून कमी नव्हे.)

लिझर्डच्या पूर्वेस बास पॉइंट नावाचे भूशिर आहे. आपल्या गोष्टीतले महत्त्वाचे ठिकाण तेच. तेथे १८७२ मध्ये फॉल्मथच्या फॉक्स कंपनीने एक निशाणाची चौकी बांधली. महासागर ओलांडून आलेले जहाज चौकीसमोरून जाताना निशाणे चढवून आपले नाव कळवी. चौकीतला माणूस ते लंडनला तारेने कळवी. आणि मालकाला समजे की आपला माल सुखरूप आला, आता तो कोणत्या बंदराला न्यावयाचा ते सांगावे. पुढे ही चौकी लॉइड्स ह्या विमेवाल्यांच्या संस्थेकडे गेली. येथून काही फर्लांगांवर मार्कोनीने आपले वायरलेसचे ठाणे उभारले आणि जानेवारी १९०१ मध्ये १८६ मैलांवरच्या वाईट बेटावरून सोडलेला संदेश तेथे पकडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जवळच्याच पोल्ढू येथून त्याचा संदेश अटलांटिक ओलांडून गेला. ज्या बिनतारी यंत्राने पुढे कड्यावरचा माणूस निरुपयोगी ठरविला ते यंत्र त्याच कड्यावर वाढले.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत हे घडले. प्रत्येक मोठ्या जहाजावर वायरलेस आले, रडार आले, आकाशात उपग्रह आले. मग कड्यावर दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला पगार कशाला द्यावयाचा, असा हिशेब झाला. चौक्या एकामागून एक बंद झाल्या. संकटातले जहाज आपण होऊन हाक मारील, केंद्र ती ऐकेल आणि मदत पाठवील, ही नवी पद्धत. हिशेब कागदावर बरोबर होता. गिरणीतही अशा बरोबर हिशेबांनीच माणसे कमी होतात. फक्त एक गोष्ट हिशेबात धरलेली नव्हती. हाक मारावयास सवड मिळेलच असे नाही, आणि लहान होडीजवळ हाक मारावयाचे साधन असेलच असेही नाही.

ह्या मुद्द्यावर आपल्याला कॉर्नवॉलचे उदाहरण लागू नये. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर वायरलेस नव्हते. मुंबईसारख्या बंदराच्या दारात, सकाळच्या वेळी घडलेली ही गोष्ट मुंबईला कळावयास दुपार उलटावी लागली. जी माणसे वाचली त्यांतली पुष्कळशी रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतली म्हणून वाचली. त्यांना कोणी नेमलेले नव्हते. ते तेथे होते आणि त्यांनी पाहिले, एवढेच.

१९९४ मध्ये बास पॉइंटची तटरक्षकांची चौकी नुकतीच बंद झालेली होती. चौकीत माणूस असता तर त्याच्या डोळ्यांसमोर, अशा ठिकाणी एक मासेमारीची होडी बुडाली आणि दोन मच्छीमार मेले. गाव हळहळले, जसे कोणतेही गाव हळहळेल. परंतु ह्या गावाने आणखी एक गोष्ट केली. लोकांनी बंद चौकी उघडून साफसूफ केली, वर्गणी जमविली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्यातलीच माणसे पाळीपाळीने तेथे बसविली. ह्यातून राष्ट्रीय किनारा पहारा संस्था, इंग्रजी नावाने नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन, जन्माला आली. आज तिची इंग्लंड आणि वेल्सच्या किनाऱ्यावर साठाच्या आसपास ठाणी आहेत आणि अडीच हजारांहून अधिक स्त्रीपुरुष त्यांवर बिनपगारी पहारा देतात.

पहारा म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे, कारण खिडकीत बसून समुद्र पाहणे हे काम आहे असे पुष्कळांना वाटत नाही. लँड्स एंडजवळ ग्वेनप हेड म्हणून भूशिर आहे. तेथून मैलभर दक्षिणेला रनल स्टोन नावाचा खडक पाण्याखाली दडलेला आहे. १९२३ मध्ये ‘सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर’ नावाची आगबोट त्यावर आपटली आणि खडकाचा वरचा वीस फुटांचा शेंडा तुटून गेला. म्हणजे पूर्वी जो ओहोटीला तरी दिसे तो आता कधीच दिसत नाही. भूशिरावर शंकूच्या आकाराच्या दोन खुणा १८२१ पासून उभ्या आहेत. समुद्राकडची लाल, जमिनीकडची काळी-पांढरी. जहाजावरून पाहताना लाल शंकूआड काळा-पांढरा पूर्ण झाकला गेला तर समजावे की आपण खडकाच्या माथ्यावर आलो. ही खूण ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी ठीक. पण सुट्टीत भाड्याने होडी घेऊन निघालेल्या माणसाला ती कोण सांगणार? तेथील चौकीही तटरक्षकांनी सोडून दिली आणि स्वयंसेवकांनी उचलली. तीन-चार तासांची पाळी असते. समोरून जाणारे प्रत्येक जहाज, प्रत्येक होडी, तिचा रंग, तिची दिशा आणि वेळ ह्यांची वहीत नोंद होते. वायरलेसवर संकटाची वाहिनी सतत ऐकली जाते; ह्या संस्थेसाठी ६५ क्रमांकाची निराळी वाहिनीही ठेवलेली आहे, तिच्यावरून कोणीही होडीवाला हवापाण्याची चौकशी करू शकतो. दहा वाजता पूर्वेकडे गेलेली वल्ह्यांची होडी बारा वाजेपर्यंत परत आली नाही, पाणबुड्या खाली गेला तो वर आलेला दिसला नाही, कड्याच्या वाटेवरचा माणूस वळणामागून बाहेर पडला नाही, अशा लहानसहान न घडलेल्या गोष्टी ह्या पहारेकऱ्याने लक्षात ठेवावयाच्या आणि संशय आला की तटरक्षक केंद्राला कळवावयाचे. यंत्र हाक ऐकते. हाक न आल्याचे ध्यानात ठेवणे हे माणसाचे काम आहे.

मी कामगार संघटनेत आयुष्य घालविले आहे. बिनपगारी काम हे शब्द कानावर आले की मी सावध होतो. आपल्याकडे अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली. लाखो स्त्रिया त्यात राबतात, पण त्या कामगार नव्हेत, सेविका. त्यांना वेतन नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांना आहे हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेण्यास २०२२ साल उजाडावे लागले. २००५ नंतर आशा आल्या, त्याही स्वयंसेविकाच. सेवा हा शब्द मोठा, आणि मोठ्या शब्दाआड पगारपत्रक लपविता येते. तेव्हा बास पॉइंटच्या त्या माणसांना मी काय म्हणावे? पगारी तटरक्षक काढून टाकला, आणि त्याच खुर्चीवर, त्याच दुर्बिणीशी, फुकट काम करणारा येऊन बसला. संपात अशा माणसाला आम्ही काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे.

पुष्कळ विचार करून मी असे ठरविले आहे की तो शब्द येथे लावणे अन्यायाचे होईल. ही माणसे बसली तेव्हा खुर्ची रिकामी होऊन गेलेली होती आणि खाली दोन माणसे मेलेली होती. कोणाची भाकरी त्यांनी हिसकली नाही. परंतु सरकारला मात्र मी एवढ्या सहज सोडणार नाही. चौक्या स्वयंसेवक चालवितात हे दिसल्यावर खर्च कापणाऱ्याचा हात थांबत नाही, तो पुढे सरकतो. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटिश सरकारने तटरक्षकांची अठरा समन्वय केंद्रे कमी करून आठांवर आणण्याचा बेत जाहीर केला. ह्या वेळी खुर्च्या रिकाम्या नव्हत्या, माणसे त्यांवर बसलेली होती. सरकारी नोकरांच्या संघटनेने आणि किनाऱ्यावरच्या गावांनी मिळून विरोध केला, बेत काही अंशी बदलावा लागला, कॉर्नवॉलचे फॉल्मथ केंद्र वाचले. पण शेजारच्या डेव्हनमधले ब्रिक्सहॅमचे केंद्र २०१४ मध्ये बंद झालेच. आणि कड्यावरचा स्वयंसेवक बहुतेक ठाण्यांवर दिवसाउजेडीच बसतो. साठीपुढच्या माणसाला रात्रभर जागवावयाचे कोणी आणि का? रात्रीचे पाणी दिवसाच्या पाण्याहून सौम्य नसते, आणि रात्रपाळी नेमावयाची तर पगार द्यावा लागतो.

जीवरक्षक होड्यांच्या माणसांचीही कसोटी ह्याच किनाऱ्यावर एकदा लागली. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री ‘युनियन स्टार’ नावाची मालबोट इंजिन बंद पडून वादळात वाहत चालली होती. तिच्यावर आठ माणसे होती, त्यांत कप्तानाची बायको आणि दोन मुली. माउझल गावचे आठ स्वयंसेवक आपली होडी घेऊन गेले. एका घरातली दोन माणसे मी नेणार नाही, असे म्हणून त्यांच्या नाखव्याने, ट्रेव्हेल्यन रिचर्ड्स ह्याने, एकाला काठावरच ठेवले. काही माणसे त्यांनी मालबोटीवरून उतरवूनही घेतली होती. मग वायरलेस बंद पडले. सोळांपैकी एकही परत आला नाही. दुसऱ्या दिवशी नव्या होडीसाठी लागतील तेवढी माणसे त्याच गावातून पुढे आली. विधवांसाठी जमलेल्या निधीवर कर बसतो की काय, असा वाद लंडनमध्ये निघाला, तेव्हा देशभर लोक खवळले. दर वर्षी १९ डिसेंबरला माउझलमधले नाताळचे दिवे तासभर मालवितात.

ह्या सगळ्या इतिहासात एक गोष्ट मला फार उशिरा दिसली, आणि ती तेथील लेखकांच्या लिहिण्यात सहसा येत नाही, कारण त्यांना ती हवेसारखी वाटते. आज चौकीत बसणाऱ्यांत निवृत्त माणसे पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक पाळी ते देऊ शकतात, कारण त्यांचे घर पेन्शनवर चालते. ते पेन्शन आकाशातून पडलेले नाही. १९०८ चा कायदा होऊन १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले, त्यासाठी तेथील कामगार संघटनांनी कैक वर्षे चळवळ केली होती. खरा स्वयंसेवक कोणता, हे ओळखावयाची माझी साधी रीत अशी की, उद्या त्याने काम सोडले तर त्याच्या घरची चूल थांबते का ते पाहावे. बास पॉइंटच्या गृहस्थाची थांबत नाही. अंगणवाडीतल्या बाईची थांबते.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे आणि रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंतचा त्याचा मोठा भाग खडकाचा आणि खाड्यांचा आहे. १९९३ मध्ये स्फोटके ह्याच किनाऱ्यावर उतरली, २००८ मध्ये मारेकरी ह्याच पाण्यातून आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांतून सागर रक्षक दले उभी करण्यावर भर देण्यात आला. कोळी, गाबीत, दालदी ह्या समाजांतली तरुण मंडळी त्यांत आहेत. अनोळखी होडी दिसली की पोलिसांना कळवावयाचे. येथेही, पाहा, सरकारचा डोळा प्रथम उघडला तो माणूस बुडू नये म्हणून उघडलेला नाही. १८२२ मध्ये जकात होती, येथे बंदोबस्त. पण डोळा एकदा उघडला की तो बुडणाऱ्या होडीसाठीही वापरता येतो, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्याच कामासाठी आहे.

फरक इतकाच की, आपला पहारेकरी पेन्शनीत निघालेला नाही. तो पंचविशी-तिशीचा मच्छीमार आहे, आणि पहाऱ्याच्या रात्री त्याचे जाळे कोरडे राहते. त्याला विमा असावा, गस्तीच्या रात्रीचा भत्ता असावा, दुर्बीण आणि वायरलेस सरकारने द्यावे, ह्या मागण्या कोणी केल्या तर कचेरीतला साहेब कॉर्नवॉलचे उदाहरण काढील आणि म्हणेल, तिकडे तर लोक हौसेने फुकट करतात. तेव्हा त्याच्यापुढे १९०९ सालचे ते पाच शिलिंग ठेवावेत.